गैरहजेरीतलं बोलणं

पंधराच्या पंधरा शब्द त्याने एका दमात म्हणून दाखवले आणि समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. कौतुक करायच्या आधी माणसं हातातलं खाली ठेवतात असा त्याचा अनुभव होता, म्हणून तो खुर्चीत किंचित पुढे सरकला. खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आवाज न करणारं घड्याळ आणि भिंतींना फिकट हिरवट रंग. तो रंग त्याच्याच कारखान्यातून आला होता आणि त्याचं नावही त्यानेच ठेवलेलं होतं: 'पहाटेचा श्वास'. हॉस्पिटलवाले हा रंग पिंपांनी नेतात. आजारी माणसाला तो दिसत नाही आणि बऱ्या माणसाला तो आठवत नाही, हा त्याचा मोठा गुण. बाई अजून त्याच्याकडेच बघत होत्या. "मी यादी एकदाच वाचली," त्या म्हणाल्या. "हो," तो म्हणाला. "तुम्ही ओळीने म्हणालात. शिडी, बदक, खिळा, आरसा, मीठ. शेवटपर्यंत त्याच ओळीने." "हो," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा विनयाने. "आणि चाल लावलीत. पाढ्यांची." "बरीच वर्षं झाली मी ही चाचणी घेतेय," बाई म्हणाल्या, "पण पहिल्या वाचनात ओळीने कुणी म्हणत नाही. ज्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही तेही नाही म्हणत. मला स्वतःला जमत नाही, आणि यादी माझी आहे." मग त्यांनी अगदी मवाळ आवाजात विचारलं, "घरी कोण घेत होतं अभ्यास?"

पेपर फुटला होता आणि तो फोडला होता त्याच्या बायकोने. शाळेत हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ती गणित शिकवायची आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तिचा दरारा असा, की मुलं तिला 'दुर्बीण' म्हणायची. बाहीत लपवलेली चिठ्ठी ती चार बाकांवरून ओळखायची, तीही चिठ्ठी बघून नव्हे, मुलाच्या कानांचा रंग बघून. पण गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ शेजारी येऊन बसले. त्यांनाही फिट्स यायच्या आणि मेंदूच्या ऑपरेशनआधीची त्यांचीही तपासणी चालू होती; फक्त त्यांची खोट उजव्या बाजूला होती. शब्द पक्के, चेहरे गायब. चाचणी देऊन आल्याच्या खुशीत त्यांनी आपली ओळख करून दिली, पंधरा शब्द घडाघडा म्हणून दाखवले, जाऊन पाणी पिऊन आले, नव्याने ओळख करून दिली आणि पुन्हा पंधरा शब्द म्हणून दाखवले. दुसऱ्या खेपेला बायकोचे ओठ हलताना त्याने पाहिले. घरी पोचेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. तोंड उघडलं तर शब्द सांडतील अशा बेताने बसून राहिली. त्यानंतर रोज सकाळी, तो दाढी करत असताना, न्हाणीघराच्या दारात उभी राहून ती शिकवणी घ्यायची. शिडीवर बदक चढलं, त्याच्या पायात खिळा गेला, आरशात बघून ते रडलं, जखमेवर मीठ पडलं. "असलं कसलं बदक?" तो फेसातून म्हणायचा. "तुमच्या कारखान्यात पांढऱ्या रंगाला 'सशाची झोप' म्हणतात ते चालतं ना? मग म्हणा. पायात काय गेलं?" नवऱ्याची परीक्षा आहे म्हटल्यावर त्याला तयारी न करता पाठवायचं, हे तिच्या रक्तातच नव्हतं. त्याच्याही नव्हतं. दोघंही पहिल्या बाकावर वाढलेली माणसं.

"इथे पास-नापास नसतं हो," बाई म्हणाल्या, आणि जे सांगायचं ते त्यांनी कागदावर मेंदूची बाजूने आकृती काढून सांगितलं. आकृती बटाट्यासारखी दिसत होती. डाव्या कानाच्या आत, इथे, त्याच्या फिट्स सुरू होत होत्या. शब्द आणि नावं लक्षात ठेवायचं कामही साधारण इथलंच. सर्जनने हा तुकडा काढला तर फिट्स थांबण्याची आशा बरीच. पण तो तुकडा आज किती काम करतोय ते आधी बघावं लागतं. तो निकामी झालेला असेल तर काढून फारसं बिघडत नाही. तो उत्तम चालत असेल, तर सर्जन कचरतात, कारण मग जाण्यासारखं खूप असतं. "म्हणजे पैकीच्या पैकी मिळाले तर ऑपरेशन नाही?" त्याने विचारलं. "मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं की खरं काय ते मला कळायला हवं." बाहेर बाकावर बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती, परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालक बसतात तशी. "कसा गेला?" "सगळे आले." तिच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून पुढचं सांगायला त्याला जड गेलं, पण सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आयुष्यात एकदा कॉपी केली, तीही नापास व्हायच्या परीक्षेत." रात्री फोनवर मुलीला, जी दुसऱ्या शहरात शिकत होती, हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, नापास व्हायला अभ्यास लागत नाही. माझं ऐका, मला अनुभव आहे."

तो रंगांना नावं द्यायचा. असं कुणाला पोटापाण्यासाठी करावं लागतं हे लोकांना पटत नाही. रंग आपापली नावं घेऊनच डब्यात शिरतात असं त्यांना वाटतं. नवा रंग तयार झाला की पुठ्ठ्याच्या चौकोनावर फासून, सुकवून त्याच्या टेबलावर यायचा. तो चौकोन तो दिव्याच्या पेटीत ठेवायचा आणि तीन उजेडांत पाहायचा: दिवसाच्या, ट्यूबच्या आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या. तीनही उजेडांत तो रंग निराळा दिसायचा आणि नाव असं हवं की तिन्हींत खोटं ठरू नये. वरचे साहेब दर वर्षी म्हणायचे, "पांढऱ्याची अजून बारा नावं द्या, बाजार पांढऱ्याकडे वळतोय," आणि तो बारा नावं द्यायचा: 'धुतलेला दगड', 'दुसरा चहा', 'काकूंची खोली'. शेवटचं साहेबांनी खोडलं होतं. ग्राहकाला काकू नसली तर, म्हणाले. या कामात त्याचा सगळा भरवसा शब्दांवर होता आणि अलीकडे शब्द उशिरा येत होते. दार वाजवलं की आतून कुणीतरी 'आलो आलो' म्हणावं, पण कडी निघू नये, तसं. बाई ज्या तुकड्याबद्दल बोलत होत्या त्यातूनच त्याची पगाराची पाकिटं येत होती. आणि त्याच तुकड्यातून दुसरंही काही यायचं. पोटातून एक लाट वर चढायची, घशाशी थांबायची, आणि तिच्या टोकाला एक रंग असायचा. दिसायचा नाही, पण असायचा. जिभेवर, कानामागे, सगळीकडे. हा रंग आपल्याला लहानपणापासून ओळखीचा आहे असं अगदी आतून वाटायचं आणि त्याचं नाव आता सुचेलच, आता सुचेलच, असं होत असताना घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलेलं असायचं आणि बायको समोर बसलेली असायची. "गैरहजेरी लागली तुमची," ती सांगायची. घरात हाच शब्द होता. फिट म्हटलं की शेजाऱ्यांचे चेहरे पडतात. गैरहजेरी म्हटलं की काय, माणूस आत्ता नाहीये, येईल.

या गैरहजेऱ्या आठवड्यातून दोन-तीनदा यायच्या, औषधं बदलून बदलून डॉक्टर थकले तरी थांबत नव्हत्या. एकदा भर रस्त्यात, एकदा दिव्याच्या पेटीत हात असताना, एकदा साहेबांच्या भाषणात, जिथे कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. आणि आता, त्या नेमक्या कुठून सुरू होतात ते टिपायला, त्या मुद्दाम बोलावायच्या होत्या. हॉस्पिटलच्या एका खोलीत डोक्याला तारा चिकटवून, वरून पांढरं बँडेज गुंडाळून त्याला ठेवलं, गोळ्या कमी केल्या, कोपऱ्यात कॅमेरा लावला, आणि सगळे फिट यायची वाट बघत बसले. नको तेव्हा न विचारता घरात शिरणारा पाहुणा आमंत्रण गेल्यावर रुसून बसला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. नर्सबाई दारातून डोकावून विचारायच्या, "काही?" आणि तो अपराधी चेहऱ्याने मान हलवायचा. बायकोने रजा टाकली होती. कॉटशेजारी स्टूल ओढून ती वह्या तपासायची. तिसऱ्या दिवशी पाहुणा आला, आणि एकदा आला तो तीनदा आला. प्रत्येक वेळी तो भानावर यायचा तेव्हा नर्सबाई पलंगाला टेकून विचारत असायच्या, "मी काय लक्षात ठेवायला सांगितलं होतं?" तो म्हणायचा, "कुणाला?" मग त्या सांगायच्या की फिट चालू असताना त्यांनी त्याला दोन शब्द दिले होते, निळी छत्री, तेवढ्यात काही आत जातंय का ते बघायचं असतं. काहीही आत गेलेलं नव्हतं. "निळी म्हणजे कुठली निळी?" त्याने विचारलं, कारण त्याच्याकडे एकतीस होत्या. नर्सबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

तारा काढल्यावर रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने त्याला आत बोलावलं. जाड चष्म्याचे, रिटायरमेंटकडे झुकलेले गृहस्थ होते. "बघायचंय का स्वतःला?" ते म्हणाले. "बरेच जण नको म्हणतात." बायको खाली डिस्चार्जच्या रांगेत होती. तो बसला. पडद्यावर एक बँडेज बांधलेला माणूस पलंगावर बसला होता. तो आपण आहोत हे शर्टवरून कळत होतं. त्या माणसाचे ओठ हलायला लागले, काहीतरी फार बारीक चवीचं चाखून बघावं तसे. मग त्याचा उजवा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी गेला आणि ते काढावं की लावावं अशा विचारात ते चाचपत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. एवढा निवांत आपला चेहरा त्याने फोटोतही पाहिला नव्हता. स्टुलावरून बायको उठली. तिने कॉटच्या डोक्याशी असलेलं नर्सला बोलवायचं बटण दाबलं, वही बंद केली आणि पलंगाच्या कडेवर, अगदी जवळ, बसली. तंत्रज्ञाने आवाज मोठा केला. "आलास?" बायको त्या माणसाला म्हणत होती. गेली वीस वर्षं ती त्याला अहो म्हणत होती. "ऐक. पटकन सांगते, बाई येतील आत्ता. मुख्याध्यापिका करत होते मला. तुला मी सांगितलं ना, की दिलं नाही? दिलं होतं. मीच नको म्हटलं. मुख्याध्यापिकेला दुपारी घरी यायला मिळत नाही. राग आला होता रे, खूप आला होता. आता कमी झालाय. पण आहे थोडा." तिने त्या माणसाची बाही उगीच सरळ केली. "आणि मला एकदा चार दिवस कुणीतरी मलाच वाढलेलं जेवायचंय. कुठेही. एकटीला. एवढंच." दार उघडून नर्सबाई धावत आल्या, निळी छत्री, लक्षात ठेवा, निळी छत्री, आणि बायको ताठ बसून वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अहो, ऐकताय ना? बाई काय म्हणतायत बघा."

"प्रत्येक वेळी बोलतात त्या," तंत्रज्ञ म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता. "पुढची दोन लावू?" "लावा," तो म्हणाला, "पण आवाज बंद करा." आणि मग त्याने आवाज नसलेल्या पडद्यावर आपल्या बायकोला दोनदा त्या माणसाशी बोलताना पाहिलं. एकदा ती हसलीही, मान वळवून, लग्नाआधी हसायची तशी. इतक्या वर्षांत त्याने स्वतःला बऱ्याच गोष्टींचा दोष दिला होता, पण आज जे वाटत होतं ते निराळं होतं आणि जरा लाजिरवाणं: त्याला त्या माणसाचा हेवा वाटत होता. त्याच्याच शर्टात बसून, त्याच्याच बटणाशी खेळत, काहीही न करता, त्या माणसाने याच्या बायकोकडून सगळं ऐकून घेतलं होतं. कधीपासून, कोण जाणे. ती परत आली तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये उभा होता. "काय दाखवलं?" तिने विचारलं. "काही नाही. बटण चाचपतो मी." "ते माहितीये," ती म्हणाली, "सगळ्या शर्टांचं दुसरं बटण मीच लावते."

दुसरी चाचणी झाली तेव्हा त्याने काहीही केलं नव्हतं, आणि काहीही न करता परीक्षेला जाण्याची भीती त्याला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळली. बाईंनी नवी यादी वाचली. शब्द एकेक करून आत आले, बसले, आणि तो मोजायला वळला तर निम्मे उठून गेलेले. बाईंनी यादी पुन्हा वाचली, पुन्हा, पुन्हा. मग मधे चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, आणि अर्ध्या तासाने सहज विचारल्यासारखं विचारलं, मघाचे शब्द? त्याला दोन आठवले. त्यातला एक 'बदक' होता. "ते मागच्या यादीतलं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. चित्रांमध्ये एक आलं, ते बघून तो खूश झाला, कारण ते रोज हातात असायचं. "हे… वर रुंद, खाली निमुळतं. याने ओततात. आमच्याकडे प्रत्येक बाकावर एक असतं." "बरोबर. काय म्हणतात?" त्याला त्याचं पत्र्याचं वजन आठवलं, कडेला सुकलेले रंगांचे ओघळ आठवले, ते उपडं ठेवलं की खाली उमटणारं ओलं कडं आठवलं. नाव आठवलं नाही. दाराकडे मान वळली. का वळली, ते त्याच्या मग लक्षात आलं. दारापलीकडे बायको होती. घरी तो असाच अडायचा, मान वळवायचा आणि शब्द हातात पडायचा: नरसाळं. कढई. परवा. तुमच्या मामेभावाची धाकटी. इतक्या पटकन, की शब्द आपलाच आहे असं वाटायचं.

बाईंनी नंतर दोघांना वेगवेगळं बसवून जुन्या आठवणी विचारल्या. एकाच दिवसाबद्दल दोघांनी काय सांगितलं ते त्यांना ताडून पाहायचं होतं. त्याने मुलगी पहिल्यांदा चालली तो दिवस निवडला, कारण तो त्याच्यापाशी लखलखीत होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत. पिवळं झबलं. मधे एकदा थांबून तिने जमिनीवरचा उन्हाचा चौकोन ओलांडला होता, पाणी ओलांडावं तसा पाय उचलून. खुर्चीला हात लागल्यावर ती मागे वळून बघून रागावली होती, इतका वेळ कुणी सांगितलं का नाही म्हणून. हे सगळं त्याने सांगितलं. मग त्याला बाहेर बसवून बायकोला आत नेलं. ती बराच वेळ आत होती. घरी परतताना बसमध्ये, खिडकीकडे बघत, ती म्हणाली, "तुम्ही तो उन्हाचा चौकोन सांगितलात." "हो. का?" "छान सांगितलात म्हणाल्या त्या." दोन थांबे गेले. मग म्हणाली, "तुम्ही त्याच खुर्चीत होतात. ती तुमच्याकडेच चालत आली. गैरहजेरी लागली होती. गुडघ्याला हात लावून उभी राहिली ती, आणि तुमचं आपलं बटण चाललेलं. संध्याकाळी मी सांगितलं तुम्हाला. पुढेही चार-पाचदा सांगितलं, लागेल तेव्हा." बस थांबली, माणसं चढली, उतरली. तो उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिला. तो अजून तितकाच लखलखीत होता. फक्त तो उभ्याने, बायको उभी होती त्या स्वयंपाकघराच्या बाजूने दिसत होता. आणि आजवर आपण तो तिकडूनच बघत आलो, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून एकदाही नाही, हे त्याच्या ध्यानात कसं आलं नव्हतं? "ती रागावली होती म्हणता ते खरं आहे," बायको म्हणाली. "पण मागे वळून नाही, तुमच्याकडे बघून."

आतापर्यंत त्याचा हिशेब असा होता की आजार दोन-दोन मिनिटं नेतो. दोन मिनिटं काय, जांभया देण्यात माणूस त्याहून जास्त घालवतो. उलट ऑपरेशन शब्द नेणार, आणि शब्द म्हणजे तो. आता त्याला कळेना की कोण काय नेतंय. सर्जनच्या खोलीत दोघं बसले तेव्हा चाचणीचा अहवाल टेबलावर होता आणि सर्जन फार सभ्यपणे बोलत होते. शब्दांची आठवण कमकुवत आहे. ऑपरेशनच्या दृष्टीने हे बरं आहे. "त्या भागात तसं फारसं काही शिल्लक नाही," ते म्हणाले, गोदामाच्या मागच्या फळीबद्दल सांगावं तसं, आणि मग त्यांचं त्यांनाच ते बरोबर वाटलं नाही म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याच्यासारख्या माणसांमध्ये दहापैकी सहा-सात जणांच्या फिट्स थांबतात. नावं सुचायला आणखी वेळ लागेल. किती, ते आधी सांगता येत नाही. ऐकलेलं विसरणं थोडं वाढेल. नोकरीचं बघावं लागेल. दोन आठवड्यांत कळवा, घाई नाही, पण फार लांबवण्यातही अर्थ नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. ती अहवालाकडे बघत होती, कुठे किती मार्क कापलेत ते शोधत असल्यासारखी. "तुम्हाला काय वाटतं?" सर्जननी तिला विचारलं. "डोकं त्यांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी ठरवावं." घरीही तेच. सकाळी तेच, रात्री तेच, फोनवर मुलीने खोदून विचारलं तेव्हाही तेच. आवाज सपाट, समीकरण मांडून उत्तराची जागा रिकामी सोडावी तसा. त्याला तिचं उत्तर हवं होतं. ते पडद्यावरच्या त्या माणसाला माहीत असणार हेही त्याला ठाऊक होतं, पण त्या माणसाला विचारायची सोय नव्हती. गोळ्या पुन्हा पूर्ण चालू झाल्या होत्या. दोन आठवडे संपत आले आणि त्या दिवसांत एकही गैरहजेरी लागली नाही.

शेवटच्या रविवारी दुपारी बायको जेवणाच्या टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. पंखा फिरत होता आणि पेपरांच्या कडा एकेक उचलून बघत होता. तो समोरच्या खुर्चीत होता. सोमवारी सकाळी फोन करायचा होता. त्याने बराच वेळ तिच्या लाल पेनाकडे पाहिलं; ते चालायचं, थांबायचं, अर्धा मार्क द्यावा की नाही याचा विचार करायचं, द्यायचं. मग त्याने नजर भिंतीवर लावली, हात उचलून शर्टाच्या दुसऱ्या बटणावर नेला, आणि ते चाचपता चाचपता ओठ हलवायला सुरुवात केली, पडद्यावर पाहिलं होतं तसे, बारीक चव घेत. आपण सत्तेचाळीस वर्षांचे आहोत, घरात दुसरं कुणी नाही, आणि आपण आपलंच सोंग आणतोय, असं एकदा मनात आलं. पण हात थांबला नाही. पेन थांबलं. त्याला टोपण लागल्याचा आवाज आला. खुर्ची मागे सरकली, आणि ती येऊन त्याच्या अगदी जवळ, टेबलाच्या कडेला टेकून, उभी राहिली. भिंतीकडे बघत असूनही ती कुठे बघतेय ते त्याला कळत होतं, कानांकडे, आणि कान तापत चालले होते.

"ओठ आधी," ती अखेर म्हणाली. "बटण मागून. कायम." त्याने ओठ हलवणं चालू ठेवलं. मागे फिरायला वाट नव्हती. "आणि एवढा आवाज करून कुणी चाखत नाही. म्हैस रवंथ करते तसं वाटतंय." त्याने आवाज कमी केला. पंख्याने एक पेपर खाली पाडला. तिने तो उचलला नाही. खुर्ची ओढून ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली, आणि जरा वेळाने तिचा आवाज आला, तो त्याने पडद्यावर ऐकला होता तो. "बरं," ती म्हणाली. "आलास ना? ऐक मग. मला वाटतं तू करावंस ऑपरेशन. अहोंना मी हे सांगणार नाही. उद्या काही बिघडलं आणि तू नरसाळ्याला बायको म्हणायला लागलास, तर तुझी आई वरून म्हणेल, हिनेच पाठवलं. पण करावंस. मला रस्ता ओलांडताना तुझा हात धरायचा कंटाळा आलाय. म्हणजे हात धरायचा नाही, घाबरून धरायचा. दुपारी फोन वाजला की मी खडू टाकून धावते, त्याचा आलाय. शब्दांचं माझं काही म्हणणं नाही. शब्द मी देईन, आजवर कोण देत होतं? कारखान्याने काढलं तर काढलं. पांढऱ्याला पांढरा म्हटलं तर जग बुडत नाही." ती थांबली. बाही सरळ करायला तिने हात पुढे केला. बाही सरळच होती, तरी केली. "एकच आहे," ती म्हणाली, आणि आवाज जरा खाली गेला. "तू बरा झालास की मी हे सगळं कुणाला सांगायचं? तुला सांगितलं की बरं वाटतं, रे. अगदी वाट्टेल ते सांगितलंय मी तुला. सगळं ऐकून घेणारं आणि सगळं विसरून जाणारं माणूस या वयात मला दुसरं कुठून मिळणार?"

त्याने ओठ थांबवले. भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे आणली. इतक्या जवळून तिच्या डोळ्यांखालचा रंग त्याला दिसला, आणि त्याला नाव द्यावं असं त्याला वाटलं नाही. "ती काळजी नको करूस," तो म्हणाला. "विसरेन मी. डॉक्टरांनी तसं सांगितलंच आहे."

तिचे खांदे हलायला लागले, आणि पदराने डोळे पुसत, नाक ओढत, ती बराच वेळ हसत राहिली. हसणं संपलं तरी पदर डोळ्यांवरच होता. "बटण सोड," ती आतूनच म्हणाली. त्याने बटण सोडलं. तिने पंखा एकावर आणला, पडलेला पेपर उचलून ढिगाखाली सरकवला, पुन्हा येऊन बसली, आणि मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिला बोलावलं त्या दिवशी सकाळी काय काय झालं, साडी कुठली नेसली होती, दारात कोण भेटलं, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. कुणी येणार नव्हतं, तोही कुठे गेलेला नव्हता. ती सावकाश सांगत गेली.